एकोणिसावी नोंद

आजोबांच्या मागे माझ्या वाट्याला आलेली एकमेव वस्तू म्हणजे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली एक लाकडी पेटी. तिच्यात मुळात मोन्तेक्रिस्तो नंबर ४ या क्युबन प्रकारचे २५ सिगार होते. पेटी माझ्या हाती आली तेव्हा सात उरले होते. आजोबा व्यापारी जहाजावर इंजिनियर होते आणि १९८९ च्या सुरुवातीला हवाना बंदरात त्यांचे जहाज काही दिवस थांबले असताना त्यांनी ही पेटी घेतली, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. ते २०११ मध्ये गेले. त्यानंतर कित्येक वर्षे पेटी आजीकडेच होती. ती माझ्या हाती देताना आजी म्हणाली, “मला त्याचा वास कधी आवडला नाही गं, पण पाणी घालायचं मात्र कधी चुकवलं नाही.”

हे पाणी म्हणजे डब्याच्या कोपऱ्यात, भोके पाडलेल्या एका छोट्या डबीतल्या स्पंजावर महिन्यातून एकदा टाकायचे चमचाभर पाणी. आजोबांनी ही व्यवस्था स्वतः बसवली होती आणि ते गेल्यावर आजीने ती का आणि कशासाठी असे न विचारता चालू ठेवली. सिगार हा वाळलेल्या पानांचा असला तरी कोरडा होऊन चालत नाही. सुमारे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते १८ अंश सेल्सियस तापमान त्याला मानवते. हवा कोरडी झाली की पानातली सुगंधी तेले उडून जातात. पाणी नंतर परत आणता येते, तेल आणता येत नाही. उलट ओलावा फार झाला तर बुरशी येते, आणि त्यात ऊबही मिळाली तर पानांत आधीपासून असलेली तंबाखूकिड्याची अंडी फुटून टाचणीच्या टोकाएवढी भोके पडू लागतात. आजीने डबा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवला होता. सातांपैकी एकच सिगार खराब निघाला, तो स्पंजाला टेकला होता आणि त्यावर निळसर केसाळ बुरशी धरली होती. बाकीच्या सहांवर एकही भोक नव्हते. त्यामुळे या वारशाबद्दल बोलताना मी आजोबांचे नाव घेत असले, तरी सिगार टिकले ते आजीमुळे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

पेटीचे वय ठरवणे हा एक स्वतंत्र आनंद होता. पेटीच्या तळावर ‘क्युबात बनवलेले’ या अर्थाची स्पॅनिश अक्षरे तापलेल्या शिक्क्याने उमटवली आहेत आणि जवळच शाईने अक्षरांचे दोन छोटे गट छापले आहेत. १९८५ पासून क्युबातल्या कारखान्यांनी पेट्यांवर स्वतःची आणि पेटी भरल्याच्या महिन्याची सांकेतिक खूण छापायला सुरुवात केली. या खुणेची किल्ली ‘निवेल आकुसो’ अशी दोन शब्दांची होती. त्यांत एकूण दहा अक्षरे आहेत आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. पहिले अक्षर म्हणजे १, दुसरे म्हणजे २, असे करत दहावे म्हणजे शून्य. माझ्या पेटीवर ‘एनएनयूयू’ असे आहे. एन म्हणजे १, यू म्हणजे ८; म्हणून ११ आणि ८८, अर्थात नोव्हेंबर १९८८. आधीची ‘जेएम’ ही दोन अक्षरे होसे मार्ती कारखान्याची, म्हणजे जुन्या एच. उपमान कारखान्याची. मोन्तेक्रिस्तोची सुरुवात १९३५ मध्ये झाली आणि पुढे तो याच कारखान्यात बनू लागला. कारागीर पाने वळत बसलेले असताना त्यांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक नेमण्याची प्रथा हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून आहे, आणि अशाच वाचनात लाडक्या झालेल्या एका फ्रेंच कादंबरीच्या नायकावरून या सिगारला नाव मिळाले, असे सांगतात. तळावर ‘संपूर्णपणे हाताने’ हे शब्द नाहीत, यानेही माझा हिशेब पक्का झाला, कारण ते शब्द १९८९ पासून उमटू लागले. आजोबांनी पेटी घेतली तेव्हा ती जेमतेम दोन-चार महिन्यांची होती.

पेटीच्या झाकणाला आतून एक घडी घातलेला कागद चिकटवला होता. मला खरे तर या कागदाबद्दलच लिहायचे आहे. त्यावर पेन्सिलीने अठरा तारखा लिहिल्या आहेत, म्हणजे आजोबांनी ओढलेल्या प्रत्येक सिगारची एक. पहिली मार्च १९८९ मधली, शेवटची २००९ मधली. आम्ही सर्वांनी त्या तारखा वाढदिवसांशी, लग्नांशी, बढत्यांशी जुळवून पाहिल्या. एकही जुळली नाही. आजीला फक्त एक ओळखता आली. त्या दिवशी त्यांची दाढ काढली होती आणि दंतवैद्याने निदान आठवडाभर धूम्रपान करू नका, असे बजावून पाठवले होते. काही तारखांपुढे एकेक शब्द आहे. पहिल्या तिन्हींपुढे ‘तिखट’, ‘तिखट’, ‘अजून तिखट’. मग ‘घसा’. १९९४ मध्ये ‘बरा’. १९९८ मध्ये ‘मवाळ’, आणि त्याखाली एक रेघ. त्यापुढच्या बऱ्याच नोंदी नुसत्या तारखांच्या, आणि २००९ च्या शेवटच्या तारखेपुढे ‘फिका?’ असे, प्रश्नचिन्हासह.

या शब्दांमागे तंबाखूचे सगळे रसायन आहे. सिगारची पाने वळण्याआधी ढिगांत रचून आंबवलेली असतात, पण आंबण्याची क्रिया तिथेच पुरी होत नाही. पेटीतही ती मंद गतीने चालूच राहते. पानांतली नायट्रोजनयुक्त संयुगे फुटत जातात आणि अमोनिया बाहेर पडत राहतो. नव्या पेटीचे झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास त्याचा, आणि माझ्या मते आजोबांचे पहिले तीन ‘तिखट’ही त्याचेच. पहिल्या एक-दोन वर्षांत हा वास अशा थराला जातो, की सिगार ‘आजारी’ आहे, असेच जाणकार म्हणतात. पुढे अमोनिया निघून जातो, तुरटपणा देणारी द्रव्ये मऊ पडतात, निकोटीनचा जोरही उतरत जातो. पानागणिक हा वेग निराळा असतो. रोपाच्या तळाकडचे व्होलादो हे पातळ पान केवळ चांगले जळण्यासाठी घेतात, मधले सेको सुगंधासाठी आणि शेंड्याकडचे, सर्वांत जास्त ऊन खाल्लेले जाड लिहेरो जोर यावा म्हणून. लिहेरो सर्वांत उशिरा निवळते. म्हणजे मुरणे ही मुख्यतः वजाबाकी आहे. तीस-पस्तीस वर्षांनी सिगारमध्ये काही नवे येत नाही. आरडाओरडा करणारे निघून गेल्यावर जे आधी ऐकू येत नव्हते ते ऐकू येऊ लागते, इतकेच. आणि कधीकधी तेही निघून गेलेले असते.

मी एरवी धूम्रपान करत नाही. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. म्हणून पहिला विचार पेटी तशीच जपून ठेवण्याचा होता. पण ही वस्तू घड्याळासारखी किंवा फोटोसारखी नाही. फोटो पाहिल्याने झिजत नाही. सिगार मात्र जाळल्याशिवाय मिळतच नाही, आणि मिळाला की उरत नाही. न जाळता ठेवला तरी तो वर्षागणिक थोडाथोडा कमी होतच राहणार होता. हे लक्षात आल्यावर दोन महिने चाललेला माझा वाद एका संध्याकाळी संपला.

मोन्तेक्रिस्तो नंबर ४ ची लांबी १२९ मिलिमीटर असते आणि जाडी ४२. हे ४२ म्हणजे एका इंचाचे ६४ भाग केल्यास त्यातले ४२, साधारण पावणेसतरा मिलिमीटर. हा आकार लहानच म्हणायचा. बाहेरचे कापा नावाचे आवरणपान तेलकट तपकिरी होते आणि शिरा इतक्या बारीक, की बोटाला जाणवत नव्हत्या. हे पान जवळजवळ नक्कीच कोरोहो वाणाचे. पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागात, उन्हाचा ताव लागू नये म्हणून कापडाच्या मांडवाखाली ते वाढवत. चवीला उत्तम, पण ‘निळी बुरशी’ या उभ्या पिकावरच्या रोगापुढे दुबळे. १९७९-८० च्या सुमारास या बुरशीने क्युबातले तंबाखूचे पीक उद्ध्वस्त केले होते. १९९० च्या दशकात मूळ कोरोहोची जागा रोगाला तोंड देणाऱ्या संकरित वाणांनी घेतली. त्यामुळे माझ्या हातातले आवरण आज कितीही पैसे मोजले तरी नव्या पेटीत मिळणार नाही. क्युबन सिगारभोवतीचे निम्मे वलय अमेरिकेने १९६२ मध्ये घातलेल्या बंदीने निर्माण केले आहे, असे माझे मत आहे. पण उरलेले निम्मे या मातीचे आणि या पानांचे आहे, हेही तितकेच खरे.

ओढायच्या टोकावरची पानाची टोपी धारदार कात्रीने दोनच मिलिमीटर कापली. इतके जुने पान तडकेल, अशी भीती होती, पण तडकले नाही. न पेटवता ओढून पाहिले तेव्हा जिभेवर वाळलेले गवत आणि पेटीच्या लाकडाची चव आली. पेटीत सिगारांच्या दोन थरांमध्ये सीडरचा कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. त्याची एक पट्टी कापून मी ती पेटवली आणि तिच्या ज्वाळेवर, ज्वाळा पानाला न टेकू देता, सिगारचे टोक फिरवत फिरवत तापवले.

पहिली दहा मिनिटे मला जवळजवळ काहीच लागले नाही, हे कबूल केले पाहिजे. धूर मऊ होता, कोमट होता, आणि रिकामा होता. मी मनातून एका गोष्टीची वाट पाहत होते: लहानपणी आजोबांच्या कोटाला येणारा वास परत येईल, डोळे मिटले की ते समोर बसलेले वाटतील. तसे काही झाले नाही. पुढे त्याचे कारण सुचले आणि मी थोडी ओशाळले. माझ्या लहानपणी, १९९० च्या आसपास, त्यांच्या कोटाला येणारा वास एक-दोन वर्षांच्या कोवळ्या तंबाखूचा होता, ज्याला त्यांनी स्वतः ‘तिखट’ म्हटले होते. तो वास अमोनियाबरोबर कधीच उडून गेला होता. पेटीत तो उरेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

एक तृतीयांश जळाल्यावर मात्र चव उघडू लागली. मी मिनिटाला एकाहून जास्त झुरके घेत नव्हते, कारण घाईने ओढला की सिगार तापतो आणि तापला की कडवटतो. आधी भाजलेल्या धान्यासारखे काहीतरी आले, मग साखर न घातलेला कोको, आणि त्याच्या मागोमाग एक गोडवा, जो धूर सोडून दिल्यावरच कळे. ही चव तोंडात असताना जाणवत नसे. ती गेल्यावर मागे राही. ताज्या मोन्तेक्रिस्तोतही कोको असतो म्हणतात, पण तिथे तो तुम्हाला शोधत येतो. इथे मला त्याच्याकडे जावे लागत होते, आणि कुणी दार वाजवले असते तरी तो निसटला असता. राख फिकट करडी होती आणि दोन बोटे लांब होईपर्यंत पडली नाही. शेवटच्या तृतीयांशात सिगार एकदा विझला. पुन्हा पेटवल्यावर दोन-तीन झुरके कडवट लागले, आणि खरे सांगायचे तर तो कडवटपणा मला बरा वाटला, कारण इतक्या वेळात पहिल्यांदाच समोरून काहीतरी जोराने बोलले होते. लगेच तेही निवळले. सिगारभोवतीच्या कागदी पट्ट्याच्या थोडे अलीकडे मी तो रक्षापात्राच्या कडेला ठेवून दिला. सिगार चिरडून विझवू नये, हे आजोबांनीच सांगितले होते. ठेवला की आपणहून विझतो.

आजीला मी त्या ‘फिका?’बद्दल विचारले होते. ती म्हणाली, “तेव्हा त्यांची जीभच गेली होती गं. ऐंशी ओलांडल्यावर त्यांना सगळंच फिकं लागायचं. भांडायचे रोज माझ्याशी, मीठ घातलं नाहीस म्हणून.” त्या एका प्रश्नचिन्हात त्यांचाही हाच संशय असावा, की उतरली आहे ती सिगारची चव, की आपली. घरात सर्वांनी दुसरे उत्तर धरून चालले होते, आणि मीही.

माझी जीभ अजून ठीक आहे. सिगार विझल्यावर मी झाकणाचा कागद उघडला, त्यांच्या ओळीखाली पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख लिहिली आणि पुढे ‘फिका’ एवढेच लिहिले, प्रश्नचिन्ह न देता. मग स्पंजावर चमचाभर पाणी टाकून डब्याचे झाकण लावले. आत पाच आहेत.