मेणाचा पाय

मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, नोव्हेनाचे, सणाआधीच्या प्रार्थनेचे, नऊ दिवस अंधेरीहून बांद्र्यापर्यंत पायी जायचे, हे मी ईस्टरआधीच्या उपवासकाळातच ठरवले होते. थोरला भाऊ गेल्यानंतर गावठाणातल्या घराच्या भाड्यातला वहिनींचा वाटा मी सहा वर्षे स्वतःकडे ठेवला होता. ते त्यांच्यासमोर कबूल केले तेव्हा तांदूळ निवडणारा त्यांचा हात थांबला, बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, मी ते मनातून केव्हाच काढून टाकलंय. जेवून जा." पैसे मी फेडले, पण त्या जेवणाची फेड कशी करावी हे कळेना. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून सांगितलेली एक रोझरी, मरियेची जपमाळ, मला फारच थोडी वाटली, म्हणून ही वाट धरली.

पहिले चार दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पहाटे निघायचे, स्वामी विवेकानंद मार्गाने पार्ले, सांताक्रूझ, खार मागे टाकायचे, माउलीसमोर डोके टेकवायचे आणि लोकल पकडून कामावर जायचे. सोबतची मंडळी 'नमो मरिया' इतक्या घाईने म्हणत की मला संताप येई, आणि पुढच्या चार पावलांत त्याच शब्दांनी डोळे भरून येत.

पाचव्या दिवशी मी दुपारी एकटाच निघालो. पाऊस थांबून ऊन तापले होते आणि ओल्या मोज्यात उजव्या टाचेवरचा फोड सांताक्रूझपुढे फुटला. खारला पदपथावर चपला शिवणाऱ्या एका काकांनी हाक मारली, "साहेब, लंगडताय, बसा जरा." गिऱ्हाईक शोधत असतील असे वाटून मी त्यांच्यावर खेकसलो आणि पुढे गेलो. वीस पावलांवर पाय टेकवेना, तेव्हा परत आलो. त्यांनी माझ्या बोलण्याचा उल्लेखही केला नाही. बाटलीतले पाणी हळूहळू टाचेवर ओतले, स्वतःच्या गुडघ्यावर माझा पाय घेऊन तो स्वच्छ फडक्याने टिपला, मग बुटाच्या मागच्या कडेचा कडक भाग रापीने कापून तिथे मऊ चामड्याची पट्टी शिवली. टाके घालताना प्रत्येक वेळी ते दोरा दातांत धरून ओढत होते. मी पैसे पुढे केले, तर म्हणाले, "माउलीला चाललात ना? तिथं मेणाचा पाय मिळतो. घरच्या बाईचा गुडघा दुखतो, तिच्या नावानं एक ठेवा."

पुढची वाट मी प्रार्थनेवाचून चाललो. लूककृत शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायातला शिमोन परुशी आठवत होता, ज्याने पाहुणा आलेल्या येशूच्या पायांसाठी पाणीही दिले नव्हते. प्रभूने त्याला पाचशे आणि पन्नास दिनारांच्या दोन ऋणकोंची गोष्ट सांगितली. दोघांचे कर्ज आधी माफ होते, प्रीती नंतर येते. मी मात्र माफ झालेल्या कर्जाचे हप्ते पायांनी फेडत होतो, आणि त्याच आठवड्यात वहिनींच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असताना त्यांच्या डोळ्यांत औषध घालायला शेजारची मुलगी येत होती. मी ती व्यवस्था लावून दिली होती, एवढेच.

सहाव्या दिवशी पहाटे मी बांद्र्याकडे निघालो नाही. सहा वाजता वहिनींच्या स्वयंपाकघरात होतो. हात साबणाने धुतले, त्यांना खुर्चीवर मागे रेलायला सांगितले, खालची पापणी बोटाने ओढली. पहिला थेंब गालावर ओघळला. "सावकाश, भाऊजी," त्या म्हणाल्या. दुसरा नीट पडला. मग चहा ठेवला, भांडी घासली, दुपारी आणि रात्री पुन्हा गेलो. उरलेले दिवस असेच गेले आणि नोव्हेना मी त्यांच्या शेजारी बसून पुरी केली. चालण्याचा नवस मोडल्याची रुखरुख मला होती, ती आजही थोडी आहे.

८ सप्टेंबरचा सण झाला. त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू झाली, पण गर्दीत डोळ्याला धक्का नको म्हणून आम्ही मधल्या वारी अगदी सकाळी रिक्षाने गेलो. काळा चष्मा लावलेल्या वहिनी माझा दंड धरून चालत होत्या. १९०४ साली बांधलेल्या त्या दगडी मंदिरात, १७०० साली लुटारूंनी जिचा उजवा हात तोडला त्या माउलीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी पिशवीतून मेणाचा पाय काढला.

"कोणाचा हो?" त्यांनी विचारले.

"खारच्या काकांच्या घरच्यांचा."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि स्वतःच पुढे जाऊन ठेवला.