परम ८००० आणि चार तारा

आज दिवसभर परम ८००० या भारतीय महासंगणकाची रचना पुन्हा वाचत बसलो. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख विजय भटकर यांच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना लोक पद्म पुरस्कारांपाशी थांबतात. खरी गंमत त्यांनी आणि त्यांच्या चमूने काय *केलं नाही* यात आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा अमेरिकेच्या क्रे महासंगणकासारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. बाजारात मिळणारे इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येतील असे प्रोसेसर, घेतले आणि ते एकमेकांना जोडले. १९९१ मध्ये ६४ नोडचं (जोडलेला एकेक प्रोसेसर म्हणजे एक नोड) यंत्र उभं राहिलं.

यातल्या टी-८०० या ट्रान्सप्युटर चिपला जोडणीचे दुवे चारच. म्हणजे एका नोडला थेट शेजारीही चारच; दूरच्याशी बोलायचं तर निरोप मधल्यांच्या हातून जाणार. गणित पटकन होतं आणि नोड निरोपाची वाट बघत रिकामा बसतो. म्हणून नोड वाढवले की वेग त्याच प्रमाणात वाढतोच असं नाही. कामाची वाटणी चुकली तर बघायलाच नको! त्यासाठी हार्डवेअरच्या जोडीला समांतर प्रोग्रॅमिंगचं 'पारस' हे वातावरणही घडवावं लागलं.

सी-डॅकच्या आधी भटकर तिरुअनंतपुरमला इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राचे प्रमुख होते. सुटे भाग कुठून आणायचे, स्वतः काय बनवायचं, हा हिशेब तिथलाच असावा, असं आपलं मला वाटतं.