खरकट्या हाताची वाट

थाळीच्या हॉटेलचा नकाशा काढताना टेबलांवर तासन्‌तास चर्चा होते आणि हात धुण्याची जागा उरल्यासुरल्या कोपऱ्यात जाते. माझा क्रम उलटा असतो: आधी बेसिन, मग टेबलं. हॉलमधला जवळपास प्रत्येक माणूस खरकटा हात सांभाळत तिथवर चालत जाणार असतो. ही वाट भटारखान्याच्या दारासमोरून गेली, की गरम आमटी आणणारा वाढपी आणि गिऱ्हाईक रोज समोरासमोर येणार. वाटेत दार ठेवू नका. खरकट्या हाताने मूठ कुणी धरायची? चूळ भरणारा माणूस टेबलांवरून दिसू नये, एवढ्यासाठी साडेपाच फुटांची आडभिंत पुरते.

मी साधारण 25 खुर्च्यांमागे एक बेसिन धरतो, पण दोनपेक्षा कमी कधीच नाही. दोन बेसिनांच्या मध्यांत 30 इंच, समोर 4 फूट मोकळे. कड जमिनीपासून 32 इंचांवर, आणि मुलांसाठी एक 24 इंचांवर. ते नसलं की मुलाला उचलून धरावं लागतं आणि निम्मं पाणी फरशीवर येतं. ओट्यावर ठेवलेलं वाडग्यासारखं बेसिन फोटोत छान दिसतं, पण ओटा नेहमीच्याच उंचीवर ठेवला तर कड 5-6 इंच वर जाते आणि पाणी कोपरापर्यंत ओघळतं.

बहुतेकांचा उजवा हात खरकटा असतो. म्हणून नळ डाव्या हाताने सहज उघडणारा, लांब दांडीचा हवा आणि साबणाची बाटलीही डावीकडेच.

तुंबण्याचं कारण ठरलेलं: भाताची शितं बॉटल ट्रॅपच्या, म्हणजे बेसिनखालच्या पाइपातल्या बाटलीसारख्या भांड्याच्या, तळाशी बसतात आणि त्यांवर रश्श्याचं तेल थिजतं. बेसिनच्या तोंडाशी जाळी द्या आणि ट्रॅप हाताने उघडता येईल असा मोकळा ठेवा. ओट्याखाली प्लायचं कपाट तर नकोच. गळती दिसत नाही आणि प्लाय फुगल्यावरच कळते.

दगड निवडताना सफाईवाल्याच्या हातातली ॲसिडची बाटली आठवा. संगमरवर, कोटा, कडप्पा या सगळ्यांना ॲसिड खातं. लाद्यांमधलं साधं सिमेंटही झिजतं आणि तिथे हळद मुरते. ओट्याला ग्रॅनाइट, लाद्यांच्या सांध्यांना सिमेंटऐवजी राखाडी इपॉक्सी (रेझिनचं भरण). ओट्याच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी दगडाखालून भिंतीपर्यंत न जाता तिथेच गळून पडतं.

आरशाची खालची कड ओट्यापासून किमान 5 इंच वर हवी, नाहीतर तिथूनच तो काळा पडू लागतो. आरसा चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका. तो मागचा मुलामा खातो. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

फरशी खरखरीत, आणि नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीकडे) दर मीटरला 10 ते 12 मिमी उतार. लादी लावल्यावर, सांध्यांत ग्राउट भरण्याआधी मिस्त्रीला थांबवून बादलीभर पाणी ओता. डबकं राहिलं तर तेवढ्याच लाद्या त्याच दिवशी उचलून घ्या. खालचा सिमेंटचा मसाला घट्ट झाल्यावर त्या फुटल्याशिवाय निघत नाहीत.