मृतांची सामाईक यादी

गेले काही आठवडे रात्री जेवणानंतर मी एक यादी वाचतो आहे. उत्तर आयर्लंडमधील संघर्षात १९६९ ते २००१ या काळात मारल्या गेलेल्या ३,५३२ माणसांची ही यादी माल्कम सटन यांनी केली असून, अल्स्टर विद्यापीठाच्या 'केन' या डिजिटल संग्रहात ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. प्रत्येक नोंदीत नाव आणि वय असते, आणि माणूस उत्तर आयर्लंडचा असेल तर तो कॅथलिक की प्रोटेस्टंट हेही. ती व्यक्ती सामान्य नागरिक होती, सैनिक होती की एखाद्या सशस्त्र संघटनेत होती, तिला कोणी आणि कसे मारले, हे दोन-तीन ओळींत सांगितलेले असते. कोणाच्याही नावापुढे 'हुतात्मा' नाही आणि 'दहशतवादी'ही नाही.

'केन' १९९७ पासून इंटरनेटवर आहे, आणि शांतता करार झाला १० एप्रिल १९९८ रोजी. कराराचे श्रेय या संग्रहाला देणे अर्थातच हास्यास्पद ठरेल. परंतु करारानंतर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांना शेजारी-शेजारी राहायचे होते आणि प्रत्येकाच्या वस्तीतल्या भिंतींवर केवळ आपापलेच मृत रंगवलेले होते. सटन यांच्या यादीत मात्र मारणाऱ्या संघटनेनुसारही नोंदी लावता येतात. तशा लावल्या की अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या प्रजासत्ताकवादी गटांच्या नावावर दोन हजारांहून अधिक मृत्यू दिसतात, ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्या ब्रिटननिष्ठ गटांच्या नावावर हजाराहून अधिक, आणि ब्रिटिश सुरक्षा दलांच्या नावावरही साडेतीनशेच्या वर. आपल्याला हवा तेवढाच आकडा उचलून भांडणे यामुळे अवघड होते, कारण समोरचाही तेच पान उघडून बसलेला असतो.

'केन'वर शब्दांचे अर्थ सांगणारी सूचीही आहे, आणि तिची गरज मला एका शहराच्या नावापाशीच पटली. एक बाजू 'डेरी' म्हणते, दुसरी 'लंडनडेरी'. तोंडून कोणते नाव निघाले यावरून माणसाची बाजू ओळखली जाते. बेळगाव आणि बेळगावी यांतले अंतर ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे अधिक समजावून सांगायला नको.

याच शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात १३ निदर्शक ठार झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या सरकारी चौकशीच्या विजरी अहवालाने सैनिकांना बहुतांशी निर्दोष ठरवले. १९९८ मध्ये नेमलेल्या सॅव्हिल आयोगाने २०१० साली मृतांना निरपराध ठरवले आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की 'केन'वरून जुना अहवाल काढून टाकलेला नाही. दोन खिडक्यांत दोन्ही अहवाल उघडून, सरकारी कागद किती चुकीचा असू शकतो, हे परिच्छेदागणिक पाहता येते.

मात्र सगळेच सर्वांसाठी खुले करावे, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात दोन्ही बाजूंच्या माजी बंदूकधाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घेतल्या. बोलणारा जिवंत असेपर्यंत त्या उघड होणार नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले होते. २०११ मध्ये पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकी न्यायालयामार्फत त्या मागवल्या गेल्या आणि त्यांपैकी काही ध्वनिफिती पोलिसांच्या हाती गेल्या. गोपनीयतेच्या भरवशावर बोललेली माणसे अडचणीत आली, तेव्हा पुन्हा कोण असे मोकळेपणाने बोलेल, असे मला प्रथम वाटले आणि संताप आला.

नंतर पोलीस ज्या प्रकरणाचा तपास करत होते, त्याबद्दल वाचले. दहा मुलांची आई असलेल्या जीन मॅककॉनव्हिल यांना डिसेंबर १९७२ मध्ये बेलफास्टमधील घरातून उचलून नेण्यात आले आणि त्यांचे अवशेष २००३ साली एका समुद्रकिनाऱ्यावर सापडले. आईला कोणी नेले, याचे उत्तर त्या फितींत असू शकत होते. त्या मुलांपुढे उभे राहून गोपनीयतेचा मुद्दा मला मांडता आला नसता, आणि तरीही तो मुद्दा मला अजून सोडवत नाही.