आक्षी ते आंजर्ले: पक्षी आणि कासवांसाठी निघण्याआधी तिथी बघा

अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीबद्दल एकच सल्ला सगळीकडे मिळतो: सूर्योदयाला पोचा, पक्षीच पक्षी. हा सल्ला अर्धा आहे आणि म्हणूनच फसवा. अष्टमीच्या सकाळी पोचलात तर भरती सहालाच होऊन गेलेली असते, शिवाय भांगाचं (अष्टमीच्या सुमाराच्या कमजोर भरतीचं) पाणी मुळात वर चढलेलंच नसतं. पौर्णिमेला सूर्योदयाला पाणी नुकतंच वळलेलं असतं. समुद्र पार लांब, मधे ओली वाळू आणि तिच्यावर इकडेतिकडे ठिपके. दुर्बीण कितीही चांगली असली तरी त्या ठिपक्यांमधून चिखले, तुतवार असे पक्षी ओळखता येत नाहीत.

किनाऱ्यावरचे पक्षी ओहोटीला खाण्यासाठी दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की मागे सरकत सरकत सुक्या वाळूच्या पट्टीवर दाटीवाटीने येतात. बघायची वेळ ती: भरतीच्या आधीचे दोन तास. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून पडतं आणि पिसांचे रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत. तेव्हा सकाळी नऊ-दहाची भरती हवी.

ती कोणत्या दिवशी, हे कोळीवाड्यात कुणीही सांगेल. तिथीला पाऊणने गुणायचं. द्वादशीला बारा गुणिले पाऊण म्हणजे ९ वाजता, त्रयोदशीला पावणेदहाला, चतुर्दशीला साडेदहाला भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. दशमीला साडेसातची वेळ सोयीची वाटते, पण पाण्याला अजून जोर आलेला नसतो आणि पक्षी लांबच राहतात. हा हिशोब मुंबई-अलिबागकडचा. दक्षिणेला भरती थोडी आधी येते आणि तिची उंचीही कमी होत जाते, तर खाडीत आत शिरावं तसा उशीर होतो. अर्धा तास हाताशी ठेवूनच पोचा.

आता महिना. कुरव (सीगल) आणि चिखले मार्चच्या मध्यापर्यंत भरपूर असतात. कासवांची पिल्लं फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत बाहेर पडतात. दोन्ही हवं असेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्चचा दुसरा आठवडा एवढाच काळ उरतो, आणि त्यात वरच्या तिथी म्हणजे महाशिवरात्रीपर्यंतचे किंवा होळीच्या आधीचे तीन दिवस. होळीचे दिवस टाळा. शिमग्याला सगळं कोकण घरी आलेलं असतं, खोली मिळत नाही. महाशिवरात्र फार लवकर आली असेल तरच नाइलाजाने होळीच्या आधीचे दिवस घ्यावेत.

एकादशीला रात्री अलिबागला मुक्काम. द्वादशीला पावणेसातला आक्षीच्या सुरूच्या बनातून पुळणीवर उतरायचं, उत्तरेकडून हळू चालत जायचं आणि थव्यापासून बऱ्याच अंतरावर थांबून राहायचं. पक्ष्यांच्या दिशेने चालत गेलात तर थवा उडतो, आणि भरतीत त्यांना बसायला दुसरी जागा नसते. या दिवसांत कुरवांची डोकी अर्धवट रंगलेली असतात, त्यामुळे डोक्यावरून ओळखू नका. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, पंखांची टोकं काळी आणि त्यांत पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, आणि उडताना पंखाची पुढची कड पांढरी दिसते. पल्लासचा कुरव आकारानेच वेगळा कळतो.

फणसाडला त्रयोदशीची एक सकाळ पुरे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६ साली अभयारण्य झालं. बिबट्याची आशा धरून जाऊ नका. पाणी आटायला लागलेलं असतं, म्हणून एखाद्या गाणीपाशी (इथे पाणवठ्याला गाण म्हणतात) तासभर गप्प बसा. शेकरू आवाजावरून सापडतो. भटकत राहिलात तर काहीच दिसणार नाही.

खरी अडचण त्रयोदशीला, आणि ती रस्त्यात नसून धक्क्यावर आहे. फणसाडहून कासवांच्या वेळासला जाताना आगरदांडा–दिघी आणि बागमांडला–वेसवी अशा दोन फेरीबोटी लागतात. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, म्हणजे ओहोटी चारच्या सुमारास. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल असते. धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा शेवाळी उतार उघडा पडतो, बोटीची फळी तिरपी लागते, कमी उंचीच्या गाडीचा पुढचा भाग घासतो आणि चाकं घसरतात. नकाशावर दिसणारा दोन तासांचा रस्ता धरून दुपारी आरामात निघणारे बरोबर चारला बागमांडल्याला पोचतात. तसं करू नका. फणसाड नऊला सोडा, दहाच्या भरतीत आगरदांडा ओलांडा, दिवेआगर-श्रीवर्धनला जेवणाव्यतिरिक्त थांबू नका आणि दोनच्या आत बागमांडल्याला रांगेत लागा. उशीर झालाच तर बाकीच्यांना गाडीतून उतरवून एकट्याने, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न दाबता गाडी चढवा. दुसऱ्या दिवशी वेळासला पोचू म्हटलंत तर महाशिवरात्रीची हरिहरेश्वरची गर्दी याच धक्क्यावर येते. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा.

वेळासला २००६ पासून कासव महोत्सव होतो. पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यातून पिल्लू यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात आणि वाळूच्या तापमानाप्रमाणे ते मागेपुढे होतं, त्यामुळे "पिल्लं नक्की दिसतील" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन वेळा हाताशी राहतील असा मुक्काम करा. फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात, पाण्याची वाट चुकतात आणि थकून मरतात. दोरीच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, मुलांनाही टाकू द्यायचा नाही. मुक्काम गावातल्या घरांत. जेवण साधं आणि उत्तम. पैसे रोख ठेवा.

चतुर्दशीला सातची पिल्लं बघून लगेच निघा. साडेदहाच्या भरतीला केळशीच्या किंवा आंजर्ल्याच्या पुळणीवर कुरवांचे थवे जवळ मिळतात. थोडा उशीर झाला तरी चालेल, भरतीनंतरही तासभर ते बसून असतात. समुद्री गरुडासाठी डोंगरकडेची उंच झाडं न्याहाळा. संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव असतो. तिथे घारी आणि कुरव इतके जवळ येतात की कॅमेऱ्याला मोठी लेन्स लागत नाही.

डॉल्फिनची बोट घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. दर माणशी की बोटीमागे हे आधी सांगत नाहीत, आणि दिसलेल्या गाद्याच्या (इथे डॉल्फिनला गादा म्हणतात) मागे चार बोटी एकदम धावतात. शांत समुद्राच्या सकाळी उंच कड्यावरून दुर्बिणीने ते जास्त वेळ आणि न घाबरलेले दिसतात.

८×४२ ची दुर्बीण पुरते. पुळणीसाठी तिपाईवरचा स्कोप असेल तर फार फरक पडतो. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मीठ बसतं, ते कोरड्या कापडाने पुसलं तर चरे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलावलेलं कापड फिरवा, मग कोरडं. गाडी वाळूत घालू नका, ती रुतते आणि घरटी दबतात. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरा.

परतताना म्हाप्रळ–आंबेत पूल चालू आहे का हे मंडणगडला विचारून घ्या, नसेल तर महाडवरून. रविवारी संध्याकाळी माणगावात सापडू नका. पुण्याला जाणाऱ्यांनी ताम्हिणी अंधार पडण्याआधी चढावी.