घरी बनवलेला वायरलेस हार्ट रेट मॉनिटर आणि यवतेश्वरचा घाट

वायरलेस हार्ट रेट मॉनिटर म्हटलं की सगळ्यांना वाटतं ब्लूटूथचंच काम अवघड असणार, पण ते सगळ्यात सोपं निघतं, अवघड आहे ते नाडी नीट पकडणं आणि पळताना पकडणं तर लईच अवघड. मला तो पळतानाच हवा होता. पाऊस सुरू झाला की साताऱ्यात हिल मॅरेथॉनची तयारी सुरू होते, पहाटे यवतेश्वरच्या घाटात बघा, कॉलेजच्या पोरांपासून रिटायर झालेल्या काकांपर्यंत सगळे चढावर असतात, मीपण असतो, आणि आपण गरजेपेक्षा जास्त ताणतोय का हे नुसत्या धापेवरून कळत नाही.

सामान फार नाही. ईएसपी३२ बोर्ड (ब्लूटूथ असलेला छोटा कंट्रोलर, कोड यावरच चालतो), नाडी पकडणारा मॅक्स३०१०२ सेन्सर, छोटी लिथियम बॅटरी आणि ती चार्ज करायचं मॉड्यूल. सेन्सरमध्ये दोन एलईडी असतात, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० चा इन्फ्रारेड, शेजारी प्रकाश मोजणारा फोटोडायोड. प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त जरासं वाढतं, तेवढा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येणारा कमी होतो. हा फरक असतो एकूण प्रकाशाच्या एखाद-दोन टक्के, कधी त्याहून कमी, बाकी सगळा कातडी-मांसावरून आलेला स्थिर प्रकाश. म्हणून कोडमध्ये आधी तो स्थिर भाग काढून टाकायचा, उरलेल्या लाटेची टोकं शोधायची, दोन टोकांमधले मिलिसेकंद मोजायचे आणि ६०,००० ला त्यानं भागायचं. ७५० आले तर मिनिटाला ८० ठोके. नुसत्या ठोक्यांसाठी इन्फ्रारेड पुरतो, ऑक्सिजन मोजायचा असेल तर लालपण लागतो.

एक गोष्ट आधीच बघून घ्या. काही स्वस्त मॉड्यूलवर सेन्सर आणि बोर्ड ज्यावरून बोलतात त्या डेटा आणि क्लॉकच्या लाइनींचे पुलअप (लाइन वर धरून ठेवणारे रेझिस्टर) १.८ व्होल्टला जोडलेले असतात, ईएसपी३२ ला ३.३ व्होल्ट हवे असतात, त्यामुळे सेन्सर चांगला असूनही बोर्डाला तो सापडतच नाही. मग लोक कोड तपासत बसतात. कोडला हात लावायच्या आधी मल्टीमीटर लावून त्या लाइनींवर किती व्होल्ट आहेत ते बघा.

आता दाब. सेन्सर सैल ठेवला तर बाहेरचा उजेड आत शिरतो, जास्त आवळला तर तिथलं रक्तच दाबलं जातं आणि लाट सपाट होते. थंडीत बोटं गार पडली की तेच. माझी आत्या नर्स होती, तिला आकडा दाखवला तर तिनं स्क्रीनकडे बघितलंच नाही, आधी माझं मनगट धरलं, घड्याळ लावून मोजलं आणि मग म्हणाली, "हां, आता दाखव तुझं काय येतंय ते." मला पण शिकवलं तिनं. "अंगठ्यानं नको रे बघू, अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते हाताला, दोन बोटं ठेव." तेव्हापासून माझी तपासणी तीच आहे, १५ सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं, मग मशीनकडे बघायचं.

घाटात बोटाला बांधून पळणं शक्यच नाही म्हणून सेन्सर दंडावर घेतला, रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्याखाली, वरून काळं कापड. मनगटापेक्षा दंड कमी हलतो. चढावर आकडे बरे येतात, पण उतरताना आकडा १६५ च्या आसपास जाऊन चिकटतो, थांबून गळ्यापाशी मोजलं तर ठोके बरेच कमी. तो आकडा पावलांचा असतो! मिनिटाला १६५ पावलं म्हणजे २.७५ हर्ट्झ (सेकंदाला २.७५ वेळा), आणि नाडीसाठी आपण फिल्टर ठेवतो साधारण अर्धा ते चार हर्ट्झचा, म्हणजे पावलं बरोबर त्याच्या मधोमध येतात, साध्या फिल्टरनं ती कशी जाणार. मला हा सगळ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात भारी भाग वाटतो, कारण इथं कळतं की स्क्रीनवर स्वच्छ, स्थिर आकडा दिसतोय म्हणजे तो खरा आहे असं अजिबात नाही.

ब्लूटूथचं म्हणाल तर वेगळं ॲप लिहायची गरजच नाही. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये हार्ट रेटची एक ठरलेली सर्व्हिस आहे, पहिला बाइट फ्लॅगचा, म्हणजे पुढचा आकडा कशा रूपात आहे ते सांगणारा, आणि दुसरा ठोक्यांचा, एवढं पाठवलं की पळण्याची बरीच ॲप्स आपल्या बोर्डाला छातीला बांधायचा विकतचा हार्ट रेट बेल्ट समजून जोडून घेतात. वायफाय वापरू नका, बॅटरी खातं आणि घाटात त्याचा उपयोगपण नाही.

छातीवर इलेक्ट्रोड (चिकटवायच्या पट्ट्या) लावून एडी८२३२ हे ईसीजीचं मॉड्यूल वापरायचा पण पर्याय आहे, तो हृदयाचा विद्युत सिग्नलच घेतो त्यामुळे पावलांचा आणि त्याचा असा गोंधळ होत नाही, फक्त घामानं इलेक्ट्रोड सुटतात. तो वापरताना सगळं बॅटरीवरच चालवा, अंगाला इलेक्ट्रोड असताना चार्जरला लावलेला लॅपटॉप त्याला जोडू नका. आणि छातीत दुखतंय, चक्कर येतेय असं काही असेल तर हे यंत्र बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जा, हे पळायच्या सरावासाठी आहे, निदानासाठी नाही.

पुढचं काम ठरलंय. त्याच पट्ट्यात एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर बसवायचा, त्यावरून पावलांचा वेग काढायचा, आणि ठोके आणि पावलं एकाच आकड्यावर आली की स्क्रीनवर आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह दाखवायचं.