फुंकायला नकार दिला त्या रात्री

गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी मेहुण्यांना पुणे स्टेशनवर सोडून मी रात्री साडेअकराच्या सुमारास एकटाच घरी परतत होतो. वाटेत एका पुलाच्या उतारावर नाकाबंदी लागली होती. हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली, परवाना पाहिला आणि श्वासातले मद्य तपासण्याचे यंत्र काचेतून आत धरून म्हणाले, "फुंका." नळीचे टोक ओले होते आणि बॅटरीच्या उजेडात ते चमकत होते; माझ्या पुढच्या दुचाकीस्वाराने त्याच नळीत फुंकलेले मी नुकतेच पाहिले होते. माझ्या पत्नीच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते, आणि घरात साधी सर्दीसुद्धा शिरू नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून जपत होतो. नळी बदलून द्याल का, असे मी विचारले. "सगळे यातच फुंकतात," असे उत्तर आले. त्यावर "मग मी फुंकणार नाही," असे मी बोललो, आणि तेही चढ्या आवाजात. कारण मात्र सांगितलेच नाही. ती माझी चूक होती.

हवालदारांनी हात आत घालून गाडीची चावी काढून घेतली. मागे गाड्यांची रांग वाढत होती, कोणीतरी मोबाइलवर चित्रण करू लागले होते, आणि आता आपल्याला आत टाकणार या विचाराने माझे हातपाय गार पडले होते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मी नंतर नीट वाचला, तेव्हा ती भीती अगदीच निराधार नव्हती हे कळले. कलम २०३ प्रमाणे चालकाने मद्य घेतल्याचा वाजवी संशय असेल तर गणवेशातील पोलीस अधिकारी श्वासाचा नमुना मागू शकतो, आणि चालकाने तो नाकारला व संशय कायम राहिला, तर वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. इथे सगळे वजन 'करू शकतो' या शब्दांवर आहे. अटक केलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. नुसत्या नकारावर अटक करा, असेही म्हणत नाही. नकारासोबत संशयाला काही आधार हवा, आणि तो आहे की नाही हे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने दोन मिनिटांत ठरवायचे असते. कलम २०५ मध्ये तर वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार खटल्यात आरोपीच्या विरुद्ध धरता येतो असे म्हटले आहे. म्हणजे वाजवी कारण असू शकते हे कायद्यालाही मान्य आहे. चावी काढून घेण्याविषयी मात्र मला एकही स्पष्ट कलम सापडले नाही.

इतक्यात उपनिरीक्षक आले. त्यांनी आधी हवालदारांचे म्हणणे ऐकून घेतले, मग मला खाली उतरायला सांगितले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून शांतपणे विचारले, "फुंकायचं नाही, की यात फुंकायचं नाही?" हा प्रश्न आधीच विचारला गेला असता, किंवा मी आधीच नीट सांगितले असते, तर पुढचा पाऊण तास वाचला असता. मी पत्नीच्या आजाराविषयी सांगितले आणि मोबाइलमधले औषधांचे कागद दाखवले. बोलताना ते माझा चेहरा न्याहाळत होते आणि वास येतो का हेही पाहत असावेत. त्याचे मला वाईट वाटले नाही, कारण संशयाला आधार आहे की नाही हे तपासणे म्हणजे हेच. जागेवर नव्या नळ्या शिल्लक नव्हत्या. "अटक करत नाही, पण तपासणी झाल्याशिवाय गाडीही देत नाही. ठाण्यात चला," असे ते म्हणाले.

ठाण्यात कपाटातून बंद पाकिटातली नळी निघाली. माझ्याच गाडीच्या चावीने त्यांनी पाकिटाची कड फाडली आणि नळीला हात न लावता पाकीट माझ्यापुढे धरले. ती मी स्वतः यंत्रावर बसवली आणि फुंकलो. आकडा शून्य आला. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. त्यांनी मला आकडा दाखवला, वेळेसह नोंद केली आणि चावी परत दिली. कायदेशीर आदेश न मानल्याबद्दल कलम १७९ खाली ते माझ्यावर चलान करू शकले असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो दंड २,००० रुपयांचा आहे. त्यांनी ते केले नाही, फक्त "पुढच्या वेळी कारण आधी सांगा," एवढेच म्हणाले.

त्या अधिकाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही घरी पोहोचल्यावर झोप लागली नाही. ते त्या रात्री सुट्टीवर असते तर माझ्याच वागण्याचा अर्थ मद्यपी चालकाची टाळाटाळ असा लागला असता, आणि हवालदारांच्या जागी उभे राहून पाहिले तर तोही अगदी चुकीचा म्हणता आला नसता, कारण खरोखर प्यायलेला माणूसही नळीचेच निमित्त पुढे करू शकतो. बंद पाकीट चालकासमोर फोडले की ते निमित्तही उरत नाही आणि खरी अडचणही उरत नाही.

सोमवारी मी वाहतूक शाखेच्या कार्यालयात तशी मागणी करणारा एक पानी अर्ज दिला: प्रत्येक नाकाबंदीवर पुरेशा नळ्या असाव्यात, पाकीट चालकासमोर उघडावे आणि नकार आल्यास त्याचे कारण लिहून घ्यावे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला आहे. उत्तर अजून आलेले नाही. या महिन्याच्या अखेरीस मी पुन्हा चौकशीला जाणार आहे.